स्टोरीबोर्ड आणि छोट्या माहितीपटाचं नियोजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजचा प्रोजेक्ट असो, एखाद्या संस्थेचा परिचयपट असो किंवा यूट्यूबसाठी केलेला पाच मिनिटांचा माहितीपट, शूटिंगच्या आधी पडणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. पहिल्यांदाच फिल्म करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि हौशी मंडळींसाठी ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे : तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणाऱ्या कारागिरावरचा पाच मिनिटांचा माहितीपट. एक कारागीर, एक भट्टी, दोन-तीन जणांची टीम आणि एकच कॅमेरा, तोही बहुधा मोबाइलचा.

स्टोरीबोर्ड म्हणजे नेमकं काय?

फिल्म पडद्यावर ज्या क्रमाने दिसणार, त्या क्रमाने कागदावर मांडलेल्या चौकटी म्हणजे स्टोरीबोर्ड. एका चौकटीत एक शॉट. आत साधं चित्र आणि खाली दोन-तीन ओळी : काय घडतंय, काय ऐकू येतंय, साधारण किती सेकंद.

बोर्ड प्रेक्षकांसाठी नसतो, टीमसाठी असतो. त्यामुळे तो चांगला झालाय की नाही हे तपासायची सोपी रीत अशी : कॅमेरा धरणाऱ्याच्या हातात एक चौकट द्या आणि विचारा, ‘कुठे उभा राहशील?’ त्याने न अडखळता जागा दाखवली तर चौकट पुरी झाली. तो तुमच्याकडेच बघत राहिला तर त्या चौकटीचा निर्णय अजून व्हायचा आहे.

मला चित्र काढता येत नाही. मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि या एका भीतीपायी कितीतरी टीम बोर्डाच्या वाटेलाच जात नाहीत, याचं वाईट वाटतं. काड्यांची माणसं काढा. बोर्डावरच्या माणसाला चेहरा नसला तरी चालतं. त्याच्याबद्दल तीनच गोष्टी कळायला हव्यात : तो चौकटीत किती मोठा आहे, कुठल्या बाजूला आहे आणि कुठे बघतोय. डोक्याच्या गोलाला नाकाची एक बारीक रेघ जोडली की नजरेची दिशा लगेच समजते.

चौथी गोष्ट आहे क्षितिजाची रेघ. ती बरेच जण काढत नाहीत, पण तिच्यातून कॅमेऱ्याची उंची कळते. मोकळ्या जागी कॅमेरा सरळ समोर धरलेला असेल तर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. कल्हईवाला जमिनीवर बसून काम करतो. त्याच्या बसल्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा ठेवला तर क्षितिजाची रेघ त्याच्या डोळ्यांतून जाईल. उभ्याने, वरून खाली बघत शूट केलं तर रेघ त्याच्या डोक्याच्या पार वर जाईल किंवा चौकटीबाहेरच राहील, आणि माणूस जमिनीला दाबल्यासारखा दिसेल. कारागिराकडे कुठून बघायचं हा निर्णय मोठा आहे, आणि तो एका रेघेत कागदावर येतो. आमच्या मते अशा फिल्मसाठी कॅमेऱ्यानेही खाली बसावं.

काड्यांची माणसंही जमत नसतील तर मोबाइलवर फोटो काढा. एका मित्राला पातेलं देऊन अंगणात बसवा, दुसऱ्याने फोटो काढावेत, फोटो छापून ओळीने चिकटवा. हा बोर्ड हाताने काढलेल्या बोर्डाइतकाच पक्का, आणि लेन्समधून खरंच काय दिसतं हेही त्यात आधीच कळतं.

संहिता आधी लिहायची की स्टोरीबोर्ड आधी?

कथापट असेल तर संहिता आधी. ज्या प्रसंगाचे संवाद अजून बदलतायत त्याच्या चौकटी काढणं म्हणजे वाया जाणारी मेहनत.

माहितीपटात मात्र आधी एक पानाचं टिपण पुरतं : फिल्म कोणाबद्दल आहे, प्रेक्षकाने काय पाहावं, कुठून सुरू होऊन कुठे संपते. मग जागेवर जाऊन या, बोर्ड काढा, आणि निवेदन हवंच असेल तर ते सगळ्यात शेवटी लिहा. निवेदन आधी लिहिलं की प्रत्येक वाक्याला चित्र शोधण्याची धडपड सुरू होते. ‘कल्हईची परंपरा फार जुनी आहे’ या वाक्यावर तुम्ही कॅमेऱ्याने काय दाखवणार?

माहितीपटात काय घडणार हे आधी माहीतच नसतं. मग बोर्ड कशाचा काढायचा?

या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण ‘माहितीपटाला बोर्ड लागत नाही’ हा समज फार पसरलेला आहे.

कल्हईवाले मामा काय बोलतील हे तुम्हाला माहीत नाही, हे खरं. पण कल्हई कशी लागते हे पाहून घेता येतं. म्हणून पहिल्या फेरीला कॅमेरा न नेता जा, शेजारी बसा आणि नुसतं बघा. भांडं आधी घासून लख्ख करतात. भट्टीत कोळसे, त्यांना भात्याने किंवा हाताने फिरवायच्या पंख्याने वारा. भांडं सांडशीत धरून फिरवत फिरवत तापवतात. पुरेसं तापलं की नवसागराची पूड पडते, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, नाकात झिणझिण्या येतात. कथलाची पट्टी आत टेकवली की ती वितळते, कारण कथील २३२ अंश सेल्सिअसलाच पातळ होतं. लगेच कापसाचा बोळा आतून फिरतो आणि तांबूस-काळपट पातेलं बघता बघता चांदीसारखं होतं. मग पाण्यात बुडवल्यावर चर्रर्र आवाज.

या सगळ्यात कथील पसरण्याचा क्षण काही सेकंदांचा असतो. तो हुकला की त्या पातेल्यापुरता गेला. ‘मामा, परत एकदा लावा ना’ म्हणून भागत नाही, कारण एकदा उजळलेलं पातेलं पुन्हा काळं कुठून आणणार? आणि मामांचा वेळ ही त्यांची रोजची कमाई आहे.

बोर्डाचा उपयोग नेमका इथे होतो. समजा या क्षणासाठी तुम्ही तीन चौकटी काढल्या : एक दुरून, मामा आणि भट्टी मिळून दिसतील अशी, एक वरून थेट पातेल्याच्या आत बघणारी, एक मामांच्या चेहऱ्याची, जिच्यात वितळणाऱ्या कथलाकडे लागलेली नजर दिसते. कॅमेरा एकच आहे. म्हणजे तीन चौकटींना तीन पातेली लागतील. आणि संकलनात (एडिटिंगमध्ये) हे तिन्ही शॉट एकाच पातेल्याचे वाटायचे असतील तर पातेली सारख्या आकाराची, सारख्या काठाची हवीत. मग आठवडाभर आधी आजीकडे, शेजारी, मावशीकडे विचारपूस करून तीन जुळती पातेली गोळा करता येतात, कल्हईचे पैसे ठरवता येतात, आणि मामांचं काम न अडवता शूटिंग होतं. बोर्ड नसता तर हे संकलनाच्या टेबलावर लक्षात आलं असतं, जेव्हा दुरून दिसणारं पातेलं पुढच्या शॉटमध्ये तपेली झालेलं असतं.

थोडक्यात, माहीत असलेल्या गोष्टी काढा : जागा, वस्तू, कामाची कृती. माहीत नसलेल्या गोष्टींना रिकामी चौकट ठेवा आणि खाली लिहा, ‘मामा : हे काम कोणाकडून शिकले’ किंवा ‘गिऱ्हाईक : भांडं परत घेताना’. तिथे चित्र बळेच भरू नका. एखाद्या बाईंनी उजळलेलं पातेलं हातात घेऊन आत निरखून बघितलं, तर त्यासाठी जागा राखलेली असावी.

चौकटीखाली काय काय लिहायचं?

शॉटचा क्रमांक, शॉटचा प्रकार (लाँग म्हणजे दुरून, मिड म्हणजे कमरेपासून वर, क्लोजअप म्हणजे अगदी जवळून), कृती एका ओळीत, आवाज, अंदाजे सेकंद. क्रमांक मध्ये मध्ये जागा सोडून द्या, १०, २०, ३० असे. मधे नवा शॉट सुचला की तो १५ होतो आणि बाकीचे क्रमांक हलत नाहीत.

वेग वेगळा हवा असेल तर तेही इथेच लिहावं लागतं, कारण स्लो मोशनचा निर्णय शूटिंगच्या आधीच व्हावा लागतो. सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे १०० स्थिर चित्रं, घेऊन २५ च्या वेगाने दाखवल्या तर एक सेकंद चार सेकंदांचा होतो. कथील पसरताना हा शॉट फार सुंदर दिसतो. पण त्या शॉटचा आवाज वापरता येत नाही, म्हणून चौकटीखाली लगेच नोंद करा : ‘आवाज वेगळा घेणे’.

दुकानात किंवा घरात ट्यूबलाइटखाली शूट करणार असाल तर आणखी एक नोंद हवी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवलं की दिव्याची लुकलुक सहसा येत नाही. बरेच मोबाइल मुळात ३० फ्रेमवर लावलेले असतात, तेव्हा आधी तपासून घ्या.

पाच मिनिटांच्या फिल्मला किती चौकटी लागतात?

पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. एक शॉट सरासरी पाच-सहा सेकंद धरला तर पडद्यावर पन्नास-साठ शॉट होतात. पण तोच कोन फिल्ममध्ये पुन्हा पुन्हा येतो, मुलाखतीचा तर हमखास. त्यामुळे वेगळ्या चौकटी पंचवीस-तीसच्या आसपास निघतील. साठ-सत्तर वेगळ्या चौकटी निघाल्या आणि हातात एकच दिवस असेल, तर फिल्म लांब तरी होणार आहे किंवा अर्धवट तरी राहणार आहे.

कॅमेऱ्याची हालचाल कागदावर कशी दाखवायची?

बाणांनी. चौकटीतली वस्तू किंवा माणूस हलत असेल तर बाण चौकटीच्या आत. कॅमेरा हलत असेल तर बाण चौकटीच्या बाहेरून. दोन्हींना वेगवेगळ्या रंगाची पेनं वापरली तर घोळ होत नाही. कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळणार असेल तर एक लांब चौकट काढून तिच्यात सुरुवात आणि शेवट असे दोन आयत आखा. जवळ जाणार असेल तर मोठ्या आयताच्या आत छोटा आयत आणि कोपऱ्यांतून आत येणारे बाण.

प्रत्येक हालचालीच्या खाली कारण लिहून बघा. ‘भट्टीवरून मामांच्या हाताकडे, कारण आता पातेलं उचलणार’ हे कारण झालं. ‘छान दिसेल’ एवढंच लिहिता येत असेल तर कॅमेरा स्थिर ठेवा. नवख्या हातांनी केलेल्या हालचाली संकलनात सगळ्यात आधी कापल्या जातात.

‘रेषा ओलांडू नका’ म्हणतात, ती कुठली रेषा?

बोलणाऱ्या दोन माणसांना जोडणारी कल्पनेतली रेषा. मामा डावीकडे बसलेत, गिऱ्हाईक उजवीकडे उभं आहे. कॅमेरा या रेषेच्या एकाच बाजूला राहिला तर प्रत्येक शॉटमध्ये मामा उजवीकडे बघतील आणि गिऱ्हाईक डावीकडे. कॅमेरा पलीकडे गेला की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि समोरासमोर बोलतायत असं वाटेनासं होतं.

बोर्डाच्या पानावर एका कोपऱ्यात जागेचा वरून दिसणारा नकाशा काढा : भट्टी, मामा, झाड, रस्ता, आणि कॅमेऱ्याच्या जागा क्रमांकांसह. त्यात सूर्य कुठून येतो तेही दाखवा. सकाळी ज्या बाजूने उजेड छान पडतो, त्याच बाजूला दुपारनंतर तोंडावर सावली असते. धूर उठून दिसायला त्याच्या मागून उजेड यावा लागतो आणि मागची बाजू गडद लागते. पांढऱ्या भिंतीसमोर नवसागराचा धूर दिसतच नाही.

आवाज चौकटीत कसा दाखवणार?

दाखवता येत नाही, म्हणून लिहायचा. आणि इथे आळस करू नका, कारण कल्हईवरची फिल्म निम्मी कानांनी बघायची असते. भात्याचा श्वास, सांडशीचा खणखणाट, पाण्यातला चर्रर्र, पूर्वी गल्लीत ऐकू यायची ती ‘कल्हईऽऽय’ अशी हाक. चौकटींच्या खाली सलग एक पट्टी आखा आणि कुठला आवाज कुठल्या चौकटीपासून कुठल्या चौकटीपर्यंत चालू राहतो ते रेघेने दाखवा. चर्रर्र आवाज आधी ऐकू आला आणि पातेलं नंतर दिसलं तर? हे असं काही कागदावर मांडल्याशिवाय सहसा सुचत नाही.

जागेवर गेल्यावर कोणीही न बोलता एक-दोन मिनिटं नुसता परिसराचा आवाज रेकॉर्ड करा. बोर्डाच्या शेवटी त्याची एक वेगळी चौकट ठेवा, म्हणजे विसरणार नाही. दोन मुलाखतींचे तुकडे जोडताना मधली पोकळी याच आवाजाने भरते.

मुलाखतीचा बोर्ड काढावा का?

एकच चौकट पुरे : माणूस कुठे बसणार, मागे काय दिसणार, नजर कुठल्या बाजूला. बोलणं चालू असताना पडद्यावर काय दिसेल, याच्या चौकटी मात्र मन लावून काढा. मामा म्हणाले, ‘आता स्टील आलं, नॉनस्टिक आलं, कोण कल्हई लावतंय,’ तर त्या वेळी काय दाखवणार? रस्त्यापलीकडचं भांड्यांचं दुकान? भट्टीजवळ ओळीने मांडून ठेवलेली चार पातेली? की काहीच न दाखवता मामांचा चेहराच धरून ठेवणार? तिसरा पर्याय पुष्कळदा सर्वांत चांगला असतो.

प्रश्नांची यादी बोर्डाबरोबर ठेवा, पण अपेक्षित उत्तरं लिहून ठेवू नका. उत्तर आधीच लिहिलेलं असलं की आपण समोरच्याकडून तेच वदवून घ्यायला लागतो.

आडवी चौकट काढू की उभी?

आधी ठरवा, फिल्म कुठे दिसणार. सभागृहात किंवा यूट्यूबवर दाखवायची तर रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९, मोबाइलवरच्या रीलसाठी ९:१६. दोन्ही हवंय म्हणून आडवं शूट करून नंतर कडा कापायच्या ठरवल्या, तर आडव्या चौकटीत मधला उभा पट्टा फिकट रेघांनी आखून घ्या आणि महत्त्वाचं सगळं त्या पट्ट्यात बसवा. मामा एका टोकाला आणि भट्टी दुसऱ्या टोकाला, ही रचना उभ्या व्हिडिओत टिकणार नाही. असं जिथे होतंय तिथे दोन वेगळे शॉट घ्यायची नोंद करा.

कागदावर करू की सॉफ्टवेअरमध्ये? एआयने चित्रं बनवली तर?

पहिला बोर्ड मागे चिकट पट्टी असलेल्या छोट्या कागदांवर (स्टिकी नोट्सवर) करा आणि भिंतीवर लावा. एका कागदावर एक शॉट. उचलून मागेपुढे करता येतं, चौघांना एकदम दिसतं, आणि फाडून टाकताना जीव जळत नाही. क्रम पक्का झाला की हवं तर संगणकावर घ्या. क्रिता हे चित्रांचं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्यांत स्टोरीबोर्डची स्वतंत्र सोय आहे. स्टोरीबोर्डर नावाचंही मोफत सॉफ्टवेअर मिळतं. काहीच नसेल तर स्लाइड बनवायचं कुठलंही सॉफ्टवेअर चालतं, एका स्लाइडवर एक चौकट.

एआयने बनवलेली चित्रं माहितीपटाच्या बोर्डासाठी वापरू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘कल्हई लावणारा म्हातारा’ असं लिहिलं की पागोटं, सुरकुत्या आणि सोनेरी उजेड असलेलं देखणं चित्र समोर येतं. खरे मामा कदाचित टी-शर्ट घालून, कानात इअरफोन लावून काम करत असतील. टीमच्या डोक्यात ते खोटं चित्र एकदा बसलं की जागेवर गेल्यावर तेच शोधलं जातं. शिवाय ते चित्र इतकं पूर्ण दिसतं की त्यावर कोणी हरकत घ्यायला धजत नाही. पेन्सिलीच्या चौकटीवर सगळे बोलतात, आणि बोर्डावर बोललं गेलंच पाहिजे.

ॲनिमॅटिक म्हणजे काय? तो करायलाच हवा का?

बोर्डाच्या चौकटींचे फोटो काढून संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेल्या सेकंदांप्रमाणे ओळीने लावायचे आणि वर मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं कच्चं निवेदन टाकायचं. झाला ॲनिमॅटिक. जरूर करा, एका संध्याकाळचं काम आहे. पाच मिनिटांची वाटणारी फिल्म आठ मिनिटांची आहे, हे तिथे उघड होतं. आणि कागदावर चांगला वाटणारा मधला भाग बघताना कंटाळवाणा होतो, तोही तिथेच सापडतो.

निवेदनाची लांबी शब्द मोजून ठरवू नका. मोठ्याने, सावकाश वाचा आणि घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमीच कमी भरतो.

बोर्डावरून शूटिंगचं वेळापत्रक आणि खर्च कसा काढायचा?

बोर्ड फिल्मच्या क्रमाने असतो, शूटिंग सोयीच्या क्रमाने. चौकटींची एक प्रत काढा, कात्रीने कापा आणि नव्याने गठ्ठे करा : एका जागेचे एकत्र, त्यात कॅमेऱ्याच्या एका कोनाचे एकत्र, त्यात उजेडाप्रमाणे सकाळ-दुपार. हे गठ्ठे उतरवून काढले की शॉट लिस्ट तयार.

मग प्रत्येक चौकटीला विचारा, ‘तुला काय लागेल?’ वरून बघणाऱ्या शॉटला समोरच्या घराची पहिल्या मजल्यावरची गॅलरी लागेल, म्हणजे त्या काकूंना आधी विचारायला हवं. भट्टीजवळच्या क्लोजअपला मोबाइल तापून बंद पडू शकतो, म्हणजे लांबून झूम किंवा दुसरा मोबाइल. धुराच्या शॉटच्या वेळी वाऱ्याची दिशा बघून कॅमेरा वारा जिकडून येतो त्या बाजूला हवा, आणि त्या धुरात कोणी तोंड घालून उभं राहायचं नाही. खर्चाचा कागद याच उत्तरांतून तयार होतो : प्रवास, जेवण, पातेल्यांची कल्हई, मामांच्या वेळेचा मोबदला. मोबदल्याची रक्कम आधी बोला आणि रोख बरोबर न्या.

परवानग्यांचं काय?

जिथे परवानगी लागेल त्या चौकटीवर लाल ठिपका द्या. मामांची संमती सगळ्यात आधी, आणि फिल्म कुठे कुठे दाखवणार हे त्यांना नीट समजावून. लहान मुलं स्पष्ट ओळखू येणार असतील तर पालकांची लेखी संमती. रस्त्यावर ट्रायपॉड, दिवे लावून वाहतुकीला अडथळा होणार असेल तर स्थानिक पोलीस ठाणं आणि पालिका किंवा ग्रामपंचायत. किल्ला किंवा लेणी चौकटीत असतील तर ते स्मारक कोणाच्या ताब्यात आहे ते पाहा. केंद्राकडून संरक्षित स्मारकांत व्यावसायिक चित्रीकरणाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. ड्रोनचा शॉट असेल तर ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई नकाशा आधी बघा, लाल क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. लाल ठिपके फार झाले तर चौकटीच बदला. कल्हईवरच्या फिल्मला ड्रोन लागतोच असं आम्हाला कधी वाटलेलं नाही.

मोठे दिग्दर्शक खरंच बोर्ड करतात की हा फक्त अभ्यासक्रमाचा भाग आहे?

करतात, आणि फार पूर्वीपासून. चौकटी भिंतीवर टाचून गोष्ट मांडण्याची आजची पद्धत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या ॲनिमेशन स्टुडिओत रुळली. कल्पनेचं श्रेय तिथल्या वेब स्मिथ यांना दिलं जातं. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा मुळात चित्रकार व्हायला निघालेले. ‘कागेमुशा’ला पैसे मिळत नव्हते त्या काळात त्यांनी त्या फिल्मची दृश्यंच्या दृश्यं रंगवून ठेवली होती.

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण सत्यजित राय यांचं. जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून नोकरी करत असताना त्यांनी ‘पथेर पांचाली’ची तयारी केली. त्या फिल्मला रीतसर लिहिलेली पूर्ण पटकथा नव्हती. होती ती शाईने काढलेल्या चित्रांची वही आणि टिपणं. निर्मात्यांकडे जाताना ते ही वहीच दाखवत. पुढे ती त्यांनी पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेज या संस्थेला दिली. पहिली फिल्म, तुटपुंजे पैसे आणि बहुतेक नवखी टीम, अशा स्थितीत त्यांना कागदावरच्या चित्रांचा आधार वाटला, हे पहिल्यांदा फिल्म करणाऱ्या कोणीही लक्षात घेण्यासारखं आहे.

मराठी चित्रपटाची तर सुरुवातच चित्रकारांच्या हातून झाली. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर तर नावातच चित्रकार. आधी डोळ्यांसमोर दृश्य आणायचं आणि मग कॅमेरा लावायचा, ही सवय आपल्या मातीत जुनी आहे.

बोर्ड बघून टीममध्ये वाद होतात. काय करावं?

होऊ द्या. ‘सुरुवात भट्टीने करायची की हाकेने’ हा वाद भिंतीसमोर चहा पीत झाला तर एका संध्याकाळीत मिटतो. हाच वाद मामा पातेलं तापवून बसलेले असताना झाला तर शॉट जातो. वाद मिटत नसेल तर दोन्ही क्रमांचा ॲनिमॅटिक करा आणि फिल्मशी काही संबंध नसलेल्या माणसाला दाखवा. शेवटचा शब्द कोणाचा हे मात्र पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं.

शूटिंगच्या दिवशी बोर्ड तंतोतंत पाळायचा का?

नाही. पण आधी बोर्डातले अत्यावश्यक शॉट उरका. त्यांच्यावर आदल्या रात्री चांदणी काढून ठेवा, आठ-दहापेक्षा जास्त नकोत. ते हातात आले की मन मोकळं होतं आणि आजूबाजूचं दिसायला लागतं. एखादा शाळकरी मुलगा धुराकडे बघत थांबतो, मामा बोळा बाजूला ठेवून पातेल्यात स्वतःचा चेहरा बघतात. असं काही झालं तर बोर्ड खाली ठेवा आणि कॅमेरा चालू ठेवा. एका माणसाकडे बोर्ड आणि पेन असावं. झालेल्या शॉटवर खूण, नव्या शॉटला क्रमांक आणि दोन शब्दांत वर्णन, एवढंच त्याचं काम.

संकलनाच्या वेळी बोर्डाचा काही उपयोग असतो का?

संकलकाला खुणा केलेला बोर्ड द्या, फक्त क्लिपांचा ढीग देऊ नका. कुठला शॉट कुठल्यासाठी घेतला हे त्याला बोर्डावरून कळतं आणि फायलींना तेच क्रमांक दिले तर शोधाशोध वाचते. पहिली जुळणी बोर्डाप्रमाणे करा, बघा, आणि मग मोकळ्या मनाने बदला. संकलनात बोर्डाचा क्रम बदलला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तसं जवळजवळ नेहमीच होतं.

फिल्म पूर्ण झाली की मूळ बोर्ड फेकू नका. त्यावर शूटिंगच्या दिवशीच्या खुणा, खाडाखोड, वेळा असतात. पुढची फिल्म करणाऱ्या ज्युनिअरांना तो दाखवा. आणि तयार फिल्म मामांना दाखवायला जाल तेव्हा बोर्डही बरोबर न्या. आपलं काम कागदावर कसं दिसत होतं हे त्यांनाही बघू द्या, आणि कुठली पायरी चुकीची दाखवली असेल तर ते सांगतील.